पायाखालची वायर आणि कंपनीचा मेसेज

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी स्क्रीनशॉट टाकतं. ‘आपल्या वाहनातील एका भागाची तपासणी करणे आवश्यक आहे. कृपया जवळच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा. हे काम विनामूल्य केले जाईल.’ खाली लगेच दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, “तरी सांगत होतो, ही गाडी घेऊ नका.” दुसरा म्हणतो, “अहो, काही नसतं त्यात. मलाही आला होता, मी गेलोच नाही. गाडी मस्त चालतेय.” पहिल्याच्या लेखी रिकॉल म्हणजे गाडी भंगार निघाली. दुसऱ्याच्या लेखी रिकॉल म्हणजे सर्व्हिसिंगला गिऱ्हाईक बोलवायची युक्ती. चूक दोघांचीही आहे, पण दुसऱ्याची चूक जिवावर बेतू शकते.

रिकॉलमागचं तत्त्व अगदी साधं आहे. गाड्यांच्या एखाद्या लॉटमध्ये सुरक्षेशी थेट संबंध असलेला दोष निघाला, तर कंपनी त्या गाड्या चेसिस नंबरावरून शोधते, मालकांना कळवते आणि दुरुस्ती फुकट करून देते. वॉरंटी संपलेली असो वा नसो. जानेवारी 2023 मधलं मारुती सुझुकीचं उदाहरण घ्या. 8 डिसेंबर 2022 ते 12 जानेवारी 2023 या काळात तयार झालेल्या 17,362 गाड्या कंपनीनं परत बोलावल्या. ऑल्टो के10, एस-प्रेसो, ईको, ब्रेझा, बलेनो, ग्रँड विटारा अशी मॉडेल्स त्यात होती. संशय एअरबॅगच्या कंट्रोलरवर होता. गाडी ठोकली गेली तर एअरबॅग आणि सीटबेल्ट आवळणारी यंत्रणा कामच करणार नाही, अशी शक्यता होती. कंट्रोलर बदलून होईपर्यंत गाडी चालवू नका, असंही कंपनीनं सांगितलं होतं. आता विचार करा, असा कंट्रोलर बिघडला तर चालवणाऱ्याला काय जाणवणार? काहीही नाही. गाडी मस्तच चालणार. ‘गाडी मस्त चालतेय’ हे रिकॉलला न जाण्याचं कारण होऊच शकत नाही, ते यामुळे.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीनं जास्त महत्त्वाची. दोष नेमक्या कुठल्या पाच आठवड्यांतल्या गाड्यांत आहे, हे कंपनीला सांगता आलं. कुठला सुटा भाग कुठल्या तारखेला कुठल्या गाडीत बसला, याची नोंद होती म्हणून. इलेक्ट्रॉनिक्सवर भरवसा ठेवायचा की नाही, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं अशा नोंदींमध्ये दडलेलं असतं. सर्किट चांगलं की वाईट हे तुम्हा-आम्हाला कळणार नाही. पण बिघाड झाला तर तो कुठेतरी लिहिला जातो का आणि लिहिलेलं कुणी वाचतं का, हे आपल्याला विचारता येतं.

आधी पायाखाली काय बदललं ते बघू. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये वीस वर्षांची मुदत संपून निघाली. त्या गाडीत ॲक्सिलरेटर म्हणजे एक पेडल, एक पोलादी केबल आणि दुसऱ्या टोकाला कार्बोरेटर. पाय दाबला की केबल ओढली जायची. केबल तुटली तर टॅक्सीवाला सुतळी बांधून गाडी घरी न्यायचा, असं जुने मेकॅनिक आजही कौतुकानं सांगतात. हे मात्र नाही सांगत की हीच केबल पावसाळ्यात गंजून अडकायचीही, आणि पाय काढला तरी इंजिन बोंबलत राहायचं. अशा अडकलेल्या केबलमुळे किती अपघात झाले, कुणाला ठाऊक? त्याची नोंदच कुठे नाही. ‘जुन्या गाड्या भरवशाच्या’ हे म्हणणं बरंचसं या नोंद नसण्यावर उभं आहे, असं मला वाटतं.

आजच्या गाडीत केबल नाही. पेडल दाबलं की आपण इंजिनाला फक्त विनंती करतो. पेडलच्या वर एक छोटी डबी असते, तिच्यात दोन सेन्सर असतात. पाय किती खाली गेला हे दोघंही वेगवेगळे मोजतात आणि तेवढं व्होल्टेज संगणकाकडे पाठवतात. बऱ्याच गाड्यांमध्ये दुसऱ्या सेन्सरचं व्होल्टेज मुद्दाम पहिल्याच्या निम्मं ठेवलेलं असतं. पतपेढीत एका कॅशियरनं मोजलेलं नोटांचं बंडल दुसरा पुन्हा मोजतो, तसंच हे. दोघांचा हिशेब जुळला तरच पैसे काउंटरवर येतात. दोन्ही व्होल्टेज ठरलेल्या प्रमाणात नसतील, तर संगणक म्हणतो की कुणीतरी खोटं बोलतंय. तो डॅशबोर्डवर दिवा लावतो, इंजिनाची ताकद कमी करतो आणि गाडी रडतखडत चालू देतो. याला लिंप मोड म्हणतात. ‘पिकअपच घेत नाहीये’ म्हणून ज्या गाड्या गॅरेजला येतात, त्यांतल्या काहींची ही अवस्था असते. वैताग येतो, पण यंत्रणा तेव्हा नेमकं तिचं काम करत असते.

दुसऱ्या टोकाला, इंजिनात हवा जाते त्या नळीत एक झडप असते. तिला छोटी मोटर फिरवते. मोटरचा वीजपुरवठा गेला तर स्प्रिंग झडपेला जवळजवळ बंद स्थितीत आणते. म्हणजे उंदरानं वायर कुरतडली तर गाडी सुसाट सुटत नाही, मरगळते. मुंबईत पार्किंगमधल्या उंदरांचा विचार करता ही चांगली सोय म्हणायची. ब्रेक आणि स्टिअरिंगचं म्हणाल, तर रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांत या दोन्हींचा चाकांशी प्रत्यक्ष जोड अजून शाबूत आहे. ब्रेक तेलाच्या नळ्यांनी, स्टिअरिंग दांड्यानं. इलेक्ट्रॉनिक्स तिथे मदतनीस आहे, मालक नाही.

मग भीती कशाची? दोन सेन्सर असले तरी डबी एकच, तिच्यात शिरणारं पाणी एकच, आणि दोघांचे आकडे वाचणारा संगणकही एकच. या शंकेवर जगात सगळ्यात मोठा वाद झाला तो टोयोटाच्या बाबतीत.

28 ऑगस्ट 2009. कॅलिफोर्नियात सॅन डिएगोजवळ सँटी इथे एक लेक्सस ईएस 350 महामार्गावर सुसाट सुटली. गाडीतल्या एकानं आपत्कालीन नंबरला फोन लावून ब्रेक लागत नाहीत, असं सांगितलं. त्यानंतर गाडी आदळली आणि चौघे गेले. गाडी त्यांची स्वतःची नव्हती, सर्व्हिसिंगला टाकलेल्या गाडीच्या बदल्यात डीलरनं दिलेली होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलचं जाड रबरी मॅट टाकलेलं होतं आणि त्याची कड ॲक्सिलरेटरला अडकली होती. आणखी संताप आणणारा भाग पुढे आहे. याच गाडीत मॅटमुळे पेडल अडकल्याचं आधीच्या एका गिऱ्हाइकानं डीलरकडे येऊन सांगितलं होतं. सांगितलं होतं, पण ते सांगणं पुढे कुठे पोचलंच नाही.

मग टोयोटानं आधी मॅटसाठी गाड्या बोलावल्या. जानेवारी 2010 मध्ये पेडलच चिकटतं म्हणून एकट्या अमेरिकेत आणखी 23 लाख गाड्या बोलावल्या. फेब्रुवारीत कंपनीचे अध्यक्ष अकिओ टोयोडा अमेरिकी काँग्रेससमोर उभे राहिले. तरी लोकांचं म्हणणं एकच, मॅट आणि पेडल ही निमित्तं आहेत, दोष सॉफ्टवेअरमध्ये आहे. शेवटी तिथल्या रस्ते सुरक्षा संस्थेनं, म्हणजे एनएचटीएसएनं, थेट नासाच्या इंजिनिअरांना बोलावलं. त्यांनी दहा महिने सर्किटं तपासली, 2,80,000 हून जास्त ओळींचं सॉफ्टवेअर चाळलं. एका तक्रारदाराच्या पेडलमध्ये त्यांना कथिलाचे केसाहून बारीक तंतू उगवलेले सापडले. अशा तंतूंमुळे दोन सेन्सरांचे सिग्नल एकमेकांना चिकटू शकतात. फेब्रुवारी 2011 मध्ये अहवाल आला. गाडी भरधाव सुटावी असा इलेक्ट्रॉनिक दोष सापडला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. पण सापडला नाही याचा अर्थ असं घडूच शकत नाही असा होत नाही, हेही नासानं त्यातच लिहून ठेवलं. बातम्यांत पहिलं वाक्य मोठं झालं, दुसरं राहून गेलं.

दुसऱ्या वाक्याला वजन आलं ते ओक्लाहोमाच्या कोर्टात. 2005 ची टोयोटा कॅमरी, 2007 मधला अपघात, गाडीतल्या दोघींपैकी एकीचा मृत्यू. फिर्यादींच्या बाजूच्या तज्ज्ञांनी बंदोबस्तातल्या खोलीत बसून कंपनीचा कोड महिनोन्‌महिने वाचला. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: झडप किती उघडायची हे ठरवणारं आणि गडबड झाली तर सावरणारं, अशी बरीच कामं सॉफ्टवेअरच्या एकाच तुकड्याकडे दिलेली आहेत. तो तुकडाच बंद पडला तर चोर आणि पोलीस दोघं एकदम झोपणार. ऑक्टोबर 2013 मध्ये ज्युरीनं टोयोटाच्या विरोधात कौल देऊन 30 लाख डॉलरची भरपाई ठरवली. पुढचा दंडाचा भाग ठरायच्या आत तडजोड झाली. मार्च 2014 मध्ये टोयोटानं अमेरिकेच्या न्याय खात्याला 120 कोटी डॉलर भरायचं कबूल केलं. एवढी मोठी रक्कम वाचून सॉफ्टवेअरचा दोष सिद्ध झाला, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. ते पैसे मॅट आणि चिकटणाऱ्या पेडलबद्दल गिऱ्हाइकांना आणि सरकारला खरं न सांगितल्याबद्दल होते. सगळं प्रकरण वाचल्यावर माझं मत असं झालं, की त्या कोडनं नेमका कुठला अपघात घडवला हे कुणी हाताला धरून दाखवलं नाही, पण तो कोड ‘भरवसा ठेवा’ म्हणण्याच्या लायकीचाही नव्हता. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

या सगळ्यात एक गोष्ट लोकांना ऐकायला आवडत नाही. गाडी आपोआप सुटली अशा तक्रारींपैकी पुष्कळांमागे माणसाचा पाय असतो. ब्रेक समजून ॲक्सिलरेटर दाबला जातो, गाडी उसळते, माणूस घाबरून तोच पाय आणखी जोरात दाबतो. त्याला शपथेवर वाटत असतं की आपण ब्रेकच दाबलाय. तो खोटं बोलत नसतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत ऑडी 5000 वर असंच वादळ उठलं. एका टीव्ही कार्यक्रमात गाडी आपोआप पळताना दाखवली गेली. ती करामत गिअरबॉक्समध्ये दाबाखालची हवा सोडून केलेली होती, हे नंतर बाहेर आलं. 1989 मध्ये एनएचटीएसएच्या अहवालानं बहुतांश घटनांचं खापर चुकीच्या पेडलवर फोडलं. तोवर तिथली ऑडीची विक्री पार रसातळाला गेली होती. पण त्यातून एक कायमची सोय आली: ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय गिअरचा दांडा पार्किंगमधून हलत नाही. माणूस चुकतो हे धरून यंत्र बदललं. मला हे खरं सुरक्षेचं काम वाटतं.

मुंबईत हे आठवायचं कारण सगळ्यांना माहीत आहे. 9 डिसेंबर 2024 च्या रात्री कुर्ला पश्चिमेला एस. जी. बर्वे मार्गावर बेस्टच्या सेवेतली भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. त्याच रात्री आणि पुढच्या दिवसांत मिळून सात जणांहून अधिक माणसं गेली, चाळीसच्या वर जखमी झाली. ब्रेक फेल झाले ही चर्चा तासाभरात शहरभर पसरली. आरटीओच्या तपासणीत ब्रेक चालू स्थितीत आढळल्याचं पुढे छापून आलं. क्लच-गिअरच्या बसवर हात बसलेल्या चालकाला क्लच नसलेल्या बारा मीटरच्या इलेक्ट्रिक बसचा सराव किती दिला होता, हा प्रश्न त्यानंतर आला. खरं तर तो पहिला यायला हवा होता. प्रकरण कोर्टात आहे, निवाडा इथे करायचा नाही. पण तांत्रिक बाजू समजून घेण्यासारखी आहे. इलेक्ट्रिक मोटर शून्यापासून पूर्ण जोर देते, डिझेल इंजिनासारखी आधी घुरघुरत नाही. क्लच नसल्यामुळे डावा पाय रिकामा. कठीण क्षणी क्लच आणि ब्रेक एकदम दाबायची वर्षानुवर्षांची सवय तिथे उपयोगाची नाही. अशा बसवर माणूस बसवताना सराव हा सुट्या भागाइतकाच सुरक्षेचा भाग असतो. आणि त्याचं रिकॉल कुणी काढत नाही.

हीच गोष्ट आपल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये लहान प्रमाणात घडते. ट्रॅफिकला कंटाळून शहरात घरोघरी एएमटी (क्लचचं पेडल नसलेल्या, गिअर आपोआप बदलणाऱ्या) आणि ऑटोमॅटिक गाड्या आल्या. वीस-पंचवीस वर्षं क्लच मारलेले काका पहिल्या आठवड्यात गाडी रिव्हर्स काढताना खांबाला नेऊन आपटतात आणि म्हणतात, “मी ब्रेकच मारला हो.”

आता समजा, पाय खरंच ब्रेकवर आहे आणि तरी गाडी ओढतेय. तेव्हा काय करायचं? ब्रेकवर एकदाच, पूर्ण ताकदीनं पाय रोवायचा आणि सोडायचा नाही. चांगल्या स्थितीतले ब्रेक इंजिनाला भारी पडतात. पण पेट्रोल गाडीत ब्रेकला जी मदत मिळते ती इंजिनाच्या ओढीतून तयार होणाऱ्या निर्वाताची असते. हवेची झडप सताड उघडी असेल तर तो निर्वात नव्यानं तयार होत नाही, साठवलेला असतो तेवढाच. घाबरून दोन-तीनदा ब्रेक पंप केला की साठा संपतो, पेडल दगडासारखं लागतं आणि माणूस म्हणतो, ब्रेक फेल! फोनवरून ऐकू येणाऱ्या बऱ्याच ‘ब्रेक लागत नाहीत’च्या मागे हे असू शकतं. ब्रेक धरून गाडी न्यूट्रलला टाका. इंजिन किंचाळेल, किंचाळू दे. गाडी थांबल्यावर इंजिन बंद करा. चालत्या गाडीत चावी पूर्ण मागे फिरवून काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. पुश बटणाची गाडी असेल तर धावताना बटण नुसतं टिचकावून चालत नाही, बहुतेक गाड्यांत काही सेकंद दाबून धरावं लागतं. सँटीच्या त्या गाडीतही ते तीन सेकंद दाबून धरावं लागत होतं, आणि हे लेक्सस स्वतःची नसलेल्या माणसाला कुणी सांगितलं असेल? टोयोटानं त्यानंतर आपल्या गाड्यांत दोन्ही पेडल एकदम दाबली गेली तर ब्रेकचंच ऐकायचं, अशी व्यवस्था आणली. नवी गाडी घेताना सेल्समनला हे जरूर विचारा. तो सनरूफबद्दल बोलत असेल तर मध्येच विचारा.

आणि मॅट बघा. आपल्याकडे डिलिव्हरीच्या दिवशीच जाड, शिवलेली, ‘सेवन डी’ मॅट टाकून देतात. नाहीतर आपण सीएसटी रोडला जाऊन टाकून घेतो. खाली कंपनीचं मूळ मॅट तसंच, वर हे दुसरं. ड्रायव्हरच्या बाजूला जमिनीत एक-दोन हुक असतात, मॅट पुढे सरकू नये म्हणून. नव्या मॅटला हुकाची भोकंच नसतात. खाली वाकून ॲक्सिलरेटर हातानं पूर्ण दाबा आणि सोडा. कड त्याला चाटत असेल तर ते मॅट काढून टाका. जगातलं सगळ्यात महाग पेडल प्रकरण सुरू झालं ते अशाच एका रबराच्या तुकड्यापासून.

ज्या दोषांनी पुष्कळ माणसं मारली, त्यांतली दोन मोठी प्रकरणं बघितली तर कॉम्प्युटरबद्दलची आपली भीती जरा चुकीच्या जागी आहे असं दिसतं. जनरल मोटर्सचा 2014 चा रिकॉल इग्निशन स्विचचा होता. आतली पकड इतकी ढिली, की जड किचेन किंवा खड्ड्याचा धक्का बसला की चावी आपोआप मागे सरकायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद आणि एअरबॅगला वीजच नाही. 124 मृत्यूंची भरपाई द्यावी लागली. मधल्या काळात कंपनीच्या आत कुणीतरी स्विच सुधारला होता, पण पार्ट नंबर तोच ठेवला. त्यामुळे काही गाड्यांत हा प्रकार होतो आणि काहींत का होत नाही, हे शोधणाऱ्यांना वर्षानुवर्षं उमगेना. नोंद खोटी असली की माणसं मरतात, ती अशी.

दुसरं प्रकरण टाकाटा कंपनीच्या एअरबॅगचं. बॅग फुगवायला त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं. हे रसायन उष्णता आणि दमट हवेत वर्षं काढली की बिघडतं, आणि मग बॅग फुगवणारी डबीच फुटून धातूचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. अमेरिकेत आधी बोलावल्या गेल्या त्या फ्लोरिडा, हवाईसारख्या दमट किनारी भागांतल्या गाड्या. होंडानं भारतातही 2015 पासून टप्प्याटप्प्यानं लाखो गाड्या बोलावल्या. सिटी, सिव्हिक, जॅझ, सीआर-व्ही. मुंबईची हवा कशी आहे हे काही वेगळं सांगायला नको. शहरात सेकंड हँड फिरणारी 2013 ची किंवा त्याआधीची होंडा कुणाकडे असेल, तर त्यानं हा लेख इथेच थांबवून चेसिस नंबर काढावा.

आपल्याकडे हे सगळं चालतं कसं? जुलै 2012 मध्ये वाहन उत्पादकांच्या संघटनेनं, सियामनं, स्वेच्छेनं रिकॉल करायची आचारसंहिता आणली. स्वेच्छेनं, म्हणजे मनात आलं तर. 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतली गाडी, सुरक्षेशी संबंधित दोष आणि ठरावीक संख्येनं तक्रारी, असं त्याचं गणित. वर्षाला 10,000 हून जास्त विकल्या जाणाऱ्या मोटारीसाठी हा उंबरठा 1,250 तक्रारींचा आहे. सक्तीचा रिकॉल झाला तर कंपनीला 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. अमेरिकेत असा आकड्याचा उंबरठा नाही. थोड्या तक्रारींवरही चौकशी लागते आणि प्रत्येक तक्रार कुणालाही वाचता येते. आपला उंबरठा मला फार उंच वाटतो. ब्रेक जाण्याच्या 1,249 तक्रारी येईपर्यंत काय करायचं?

उंबरठा उंच असेल तर प्रत्येक तक्रार कागदावर येणं आणखी गरजेचं होतं. आणि नेमकी तिथेच ती गळते. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काय होतं बघा. तुम्ही सांगता, “परवा इस्टर्न फ्रीवेवर गाडी एकदम मरगळली, पिवळा दिवा लागला, बंद करून चालू केली तर ठीक.” ॲडव्हायजर टॅबवर टाईप करतो: ‘जनरल चेकअप’. संध्याकाळी गाडी मिळते, शेरा असतो: ‘टेस्ट ड्राइव्ह ओके’. तुमची घटना कंपनीच्या लेखी घडलीच नाही. गाडीच्या संगणकानं नोंदवलेला बिघाडाचा कोड त्यानं वाचून पुसला असेल तर गाडीच्या लेखीही नाही. म्हणून जॉब कार्डवर सही करायच्या आधी ते वाचा. तुमचे शब्द जसेच्या तसे लिहायला लावा: तारीख, वेग, कुठला दिवा, पाय कुठे होता. स्कॅनरवर जो फॉल्ट कोड निघाला तो पुसण्याआधी छापून मागा, निदान स्क्रीनचा फोटो काढा. ॲडव्हायजर कुरकुरेल, “सर, त्याची काय गरज?” त्याच्यावर रागावू नका, त्याला संध्याकाळी सातच्या आत वीस गाड्या सोडायच्या असतात. पण लिहून घ्या. मग हवं तर सरकारच्या ‘वाहन’ पोर्टलवर रिकॉलसाठीची तक्रार नोंदवा, ती सोय तिथे दिलेली आहे.

आता रिकॉल हवेतून येऊ लागलेत. 2015 मध्ये दोन संशोधकांनी महामार्गावर धावणारी जीप चेरोकी दुरून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली. कंपनीनं 14 लाख गाड्या बोलावल्या आणि सॉफ्टवेअर दुरुस्त करायला मालकांना टपालानं पेन ड्राइव्ह पाठवले, हे आज वाचताना हसू येतं. डिसेंबर 2023 मध्ये टेस्लानं अमेरिकेत ऑटोपायलटसाठी 20 लाखांवर गाड्यांचा रिकॉल केला, तो रात्रीत गाडीच्या गाडीत डाउनलोड झाला. जुलै 2025 मध्ये त्याच टेस्लाचं भारतातलं पहिलं शोरूम बीकेसीत उघडलं. सोय मोठी आहे, रांग नाही की सुट्या भागाची वाट नाही. पण काल आणि आजच्या गाडीत ब्रेकिंग बदललं असेल तर ते मालकाला कसं कळणार? अपडेटच्या नोटमध्ये ‘कामगिरीत सुधारणा’ एवढंच असतं. अपडेट टाकण्याआधी आणि नंतरचा व्हर्जन नंबर मोबाईलवर टिपून ठेवा, अपघात झाला तर तो नंबर लागेल.

सेकंड हँड गाडीवाल्यांचा घोळ निराळा. कंपनीचा मेसेज पहिल्या मालकाच्या नंबरवर जातो. त्यानं गाडी विकून दोन वर्षं झालेली असतात, तो मेसेज उडवून टाकतो. आरसीवर तुमचं नाव लागलं तरी कंपनीच्या यादीत नंबर आपोआप बदलत नाही. म्हणून गाडी नावावर झाली की कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून आपला नंबर चेसिस नंबरला जोडून घ्या. आरसीवरचा सतरा आकडी-अक्षरी नंबर सांगताना एक लक्षात ठेवा: त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, गोल दिसलं की ते शून्यच. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर हा नंबर टाकून रिकॉल बघता येतो. सर्व्हिस सेंटरला विचारायचं असेल तर ‘रिकॉल आहे का?’ असं विचारू नका, तो शब्द ऐकला की काउंटर सावध होतं. तिथल्या भाषेत त्याला कॅम्पेन म्हणतात. “या चेसिसवर कुठली कॅम्पेन पेंडिंग आहे का?” एवढं विचारा. ॲडव्हायजर नंबर टाकून लगेच सांगतो. पेंडिंग असेल तर पार्ट आलाय का ते आधी विचारा आणि मगच गाडी सोडा. नाहीतर पार्टची वाट बघत ती आठवडाभर त्यांच्या आवारात उभी राहते आणि तुम्ही रिक्षा शोधत फिरता. काम झाल्यावर शून्य रुपयांचं बिल मागून घ्या. ते देत नाहीत, मागावं लागतं, आणि पुढे गाडी विकताना समोरच्याला दाखवायला तेच उपयोगी पडतं.